विचारलं तेवढंच

मामा, तुमच्या नावाचं समन्स आलं आहे.

तेराव्याला आलेली माणसं आपापल्या गावी परतली, शेजाऱ्यांकडून आणलेली मोठी पातेली घासून परत गेली, आणि आता घरात तुमचा मुलगा श्रीनिवास आणि मी एवढेच उरलो हे जाणवायला लागलं, त्या सुमारास एका सकाळी कोर्टाचा हवालदार दारात उभा राहिला. हातातल्या कागदावरून त्याने तुमचं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आणि तमिळमध्ये विचारलं, "सार आहेत का?"

"नाहीत."

"कधी येतील?"

"येणार नाहीत. वारले."

तो गडबडला. चपला काढाव्यात की नाही ते त्याला कळेना. "अय्यो, मॅडम. मागचं समन्सही मीच आणलं होतं. कापी प्यायल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं त्यांनी." मग पेनाचं टोपण काढत म्हणाला, "पण कागद तर परत न्यायला हवा. 'साक्षीदार मयत' असं लिहितो, खाली सही करा. आणि तारखेला मृत्यूचा दाखला कोर्टात द्या. नुसती झेरॉक्स चालत नाही हां, अस्सल दाखवावा लागतो."

तुम्हाला हे आवडलं असतं. त्याने विचारलं, मी तेवढंच सांगितलं. तुमच्या घरात राहून मी एवढं तरी शिकले.

श्रीनिवास म्हणाला, "तू कशाला जातेस? पोस्टाने पाठवून दे." तो सिरुसेरीला ऑफिसला निघाला होता, एक पाय बुटात, एक बाहेर. त्याचं चुकीचं नव्हतं. पण ह्या तारखेची तुम्ही किती वाट पाहत होता हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि न विचारता तुम्ही कोणाला काही सांगितलं नाहीत. मला ठाऊक होतं, म्हणून मी गेले. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं. शिवाय आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे.

लग्न ठरलं तेव्हा तुम्ही माझं बोलणं ऐकून श्रीनिवासला म्हणाला होतात, "ही तर रेडिओवरच्या बातम्या बोलते." माझे बाबा नागपूरहून इकडे आवडी नावाच्या गावातल्या सरकारी कारखान्यात बदलून आले, मी तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले, पण घरात मराठी नागपूरचंच राहिलं. तुमचं मराठी तंजावरचं. मला ते पहिल्यांदा ऐकताना वाटलं, कोणीतरी फार जुनं पत्र तमिळ चालीत वाचून दाखवतंय. मी तुम्हाला मामा म्हणायला लागले, सासऱ्यांना मामा म्हणायच्या तुमच्याकडच्या रीतीने. तुम्ही मला नावाने कधी हाक मारली नाहीत. खुशीत असलात की 'प्रोफेसरम्मा', एरवी नुसतं 'मा'.

"मामा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"हे अत्ता विचारलंस. दहीभात."

सासूबाई होत्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ह्यांच्याकडनं काही काढून घ्यायचं असेल तर वकील व्हावं लागतं. मी झाले. तूही होशील." मी हसले होते. पुढे लक्षात आलं की त्या थट्टा करत नव्हत्या.

बंदरावरच्या कस्टम्समध्ये तुम्ही नोकरी काढलीत, आणि त्या नोकरीतला बराचसा काळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. पकडलेल्या प्रत्येक मालाच्या मागे एक खटला, आणि प्रत्येक खटल्यात तुम्ही उभे. नव्या अधिकाऱ्यांना तुम्ही एकच गोष्ट शिकवायचात: विचारलं तेवढंच सांगायचं. तुमच्या उमेदवारीच्या काळातली हकीकत तुम्ही मला सांगितली होती, अर्थात मी खोदून विचारल्यावर. तुमचा एक वरिष्ठ, भला माणूस, पिंजऱ्यात उत्साहाने एक वाक्य जास्त बोलला. माल कुठल्या दिव्याखाली तपासला हे कोणी विचारलं नव्हतं, तरी त्याने सांगितलं. आरोपीच्या वकिलाने ते वाक्य धरलं, ओढत नेलं, त्या रात्री तिथे वीजच नव्हती हे दाखवलं, आणि तुमच्या हयातीत पहिल्यांदाच पकडला गेलेला एक खरोखरचा मोठा माणूस सुटून गेला. "एक जास्तीचं वाक्य, मा. ते म्हणजे त्यांच्या वकिलाला आपल्या हाताने उघडून दिलेलं दार."

मी मुलींच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. शेवटच्या वर्षाला एक प्रकरण असतं, अमली पदार्थांच्या टोळ्या सरकारांना का पुरून उरतात ह्याबद्दलचं. दर वर्षी वर्गात जाण्याआधी मी ते तुमच्यासमोर बोलून पाहायची. तुम्ही व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत, हातात कापीचा टंबलर. मी समोर पायरीवर. मी सांगायची, मागणी आहे तोवर पुरवठा राहणार. बंदी आली की भाव चढतो, आणि भाव चढला की धोका पत्करायला तयार माणसं वाढतात. एका देशातली शेतं जाळली की शेजारच्या देशात पेरणी होते. म्होरक्या धरला की टोळी फुटते, एकाच्या चार होतात, आपसात लढतात, आणि पहिल्यापेक्षा जास्त माणसं मरतात. सरकारांना सीमा असतात, टोळ्यांना नसतात.

तुम्ही शेवटपर्यंत ऐकायचात. मग विचारायचात, "झालं?"

"झालं."

"शहाणं पुस्तक आहे. बंदरावर कधी आलेलं दिसत नाही."

"मग बंदरावर काय दिसतं?"

"काहीच दिसत नाही. तीच तर अडचण." आणि मग, विचारलं म्हणून, तुम्ही बोलायचात. बंदरात डोंगरासारखे रचलेले कंटेनरचे डबे. सगळे उघडले तर व्यापार बंद पडेल. एकाच सरकारचं एक खातं म्हणतं उघडून बघ, दुसरं म्हणतं जहाज का खोळंबलं. "पावसाळ्यात गल्लीत पाणी चढतं तेव्हा तू काय करतेस?"

"पुढच्या दाराला पोती लावते."

"आणि पाणी कुठून शिरतं?"

"न्हाणीच्या मोरीतून."

"मोरीला कोणी पोतं लावत नाही. तिच्यातून पाणी बाहेर जातं असं सगळे धरून चालतात. आम्हीही तसेच. आत येणाऱ्या मालावर डोळे लावून बसलो, आणि अमली पदार्थ आमच्याच बाहेर जाणाऱ्या मालातून गेले. निर्यात म्हटली की सरकार हात जोडून दार उघडतं मा."

मी एकदा भ्रष्टाचाराचा विषय काढला. तुम्ही म्हणालात, "तो आहे. नाही कसं म्हणू? पण तेवढंच असतं तर सोपं होतं. लाच घेणारा आज ना उद्या सापडतो. न घेणाऱ्या माणसांनी भरलेलं ऑफिस का हरतं, ते तुझ्या मुलींना शिकव."

"का हरतं?"

तुम्ही टंबलर खाली ठेवलात. तुमच्या हातात एखाद्या टोळीचं सूत लागलं की तुमची बदली व्हायची. नवा माणूस ते सूत ओळखू लागेपर्यंत त्याची व्हायची. "बदल्यांच्या यादीची ते लोक आमच्यापेक्षा जास्त वाट बघतात." त्यांच्यातली माणसं जात नाहीत का, असं मी विचारलं. "जातात की. पण त्यांच्यातला एक गेला तर त्याच्याबरोबर काही जात नाही, त्याला मुळात ठाऊकच थोडं असतं. आमच्यातला गेला की सगळी केस त्याच्या डोक्यात बसून जाते." परदेशात पाठवलेल्या एका चौकशीचं उत्तर तुम्ही निवृत्त झाल्यावर आलं, तेही सांगितलंत. कायद्याच्या यादीत एका रसायनाचं नाव चढेपर्यंत ते लोक त्यात जरासा फरक करून दुसरंच बनवतात, तेही. ह्यातलं बरंचसं मी वर्गात वापरलं. कुठून आणलं ते मुलींनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग ते ग्राइंडर.

निवृत्तीच्या थोडं आधीची ती केस. इडलीचं पीठ वाटायचे टेबलावर ठेवायचे ग्राइंडर, मलेशियातल्या तमिळ घरांसाठी निघालेले. कागद चोख होते. तुम्ही सहज म्हणून एका ग्राइंडरच्या भांड्यातला दगड उचललात, खाली ठेवलात, पुन्हा उचललात. सासूबाईंची कंबर धरायची, त्यामुळे आपल्या घरातल्या ग्राइंडरचा दगड धुवायला काढून देणं हे कित्येक वर्षं तुमचं काम होतं. हा दगड हातात हलका आला. हे सांगताना तुम्ही पहिल्यांदाच माझ्यासमोर मनापासून हसलात. "योजना करणारे फार हुशार होते मा. पण त्यांच्यातल्या एकानेही घरी कधी दगड धुतला नव्हता."

दगडांना आतून भोकं पाडून त्यांत मेथ नावाची नशेची पावडर भरली होती आणि तोंडं दगडाच्याच भुकटीने बुजवली होती. भोकं पाडून दिली होती गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात. तिथला मालक चौकशीत घाबरण्याऐवजी रुसला: "सार, काम तर बघा, कुठे केसाएवढी चीर नाही!" भोकं कशाला हवीत हे त्याने गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं. पॅकिंग करणाऱ्याने विचारलं नव्हतं, फॉर्म भरणाऱ्या कारकुनाने विचारलं नव्हतं. प्रत्येकाला फोनवरचा एकच माणूस ठाऊक, आणि ते सगळे फोन बंद झाले होते. कागदावर मात्र एक नाव ठळक होतं. निर्यात करणाऱ्या कंपनीची मालकीण, सेल्वी.

ती सिरुसेरीतल्या एका ऑफिसच्या इमारतीत फरशी पुसायची. तिथल्या सुपरवायझरने बायकांसाठी सरकारी कर्ज मिळतं म्हणून तिचं आधार, पॅन, फोटो घेतले होते आणि बऱ्याच कोऱ्या जागांवर सह्या. माल उघडताना निर्यातदाराने हजर राहायचं असतं, म्हणून तुमच्या खात्याची जीप तिला थेट कामावरून घेऊन आली, अंगात सफाईचा निळा कोट तसाच. सोबत बाई हवी म्हणून ग्रेस नावाची हवालदारीण तिच्या शेजारी उभी. तुम्ही सगळ्यांसमोर हातोडीने दगड फोडलात. पांढरी पावडर सांडली. सगळे पावडरीकडे बघायला लागले. तुम्ही सेल्वीकडे बघत होता, ती तुमची सवयच.

सेल्वी पुढे झाली, दगडाचा तुकडा उचलायला वाकली आणि म्हणाली, "नवा कोरा दगड, अय्या. का फोडलात?" ग्रेसने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"आत काय आहे ते ज्याला ठाऊक असतं," तुम्ही मला म्हणालात, "तो पावडरीकडे बघतो. नाहीतर पावडर सोडून बाकी सगळीकडे बघतो. ती दगडाकडे बघत होती. तिला त्या दगडाचं वाईट वाटलं होतं."

"मग तिला अटक कशी केलीत?"

"कागदावर माल तिचा. करावीच लागली. अत्ताही करीन." तुम्ही हे ओशाळून म्हटलं नाहीत, तोऱ्यातही नाही. "पण अटक करणं आणि दोषी ठरवणं ह्यांच्या मधे कोर्ट असतं. नाहीतर ते कशाला ठेवलंय मा?"

मोठ्या साठ्याच्या केसमध्ये जामीन जवळजवळ मिळतच नाही. तुम्ही निवृत्त झालात, सासूबाई गेल्या, आपण घराला रंग दिला, आणि सेल्वी पुळलच्या तुरुंगात होती. सुपरवायझर सापडला नाही. त्याच्या मागचा माणूस कोण हेच कळलं नाही, आणि त्याच्याही मागे मलेशियात कोण बसला होता त्याचं तर नावही कुठल्या कागदावर आलं नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या हाती शेवटी लागली ती फरशी पुसणारी बाई. मी वर्गात जे प्रकरण शिकवते त्याचं इतकं नेमकं उदाहरण पुस्तकात कुठे नाही.

खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलाने तुमची साक्ष घेतली. माल कुठे पकडला, मोहोर कोणती लावली, पंच कोण होते. तुम्ही सांगितलंत. दगड फुटल्यावर त्या बाईने काय केलं हे त्याने विचारलं नाही, त्याच्या कामाचं नव्हतं ते. ते बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत विचारायचं. आणि उलटतपासणी पुढे जात राहिली. कधी वकिलांचा बहिष्कार, कधी न्यायाधीशांची बदली, कधी मुद्देमाल गोदामातून आलाच नाही. सेल्वीला सरकारकडून मिळालेले वकील बदलत राहिले. तुम्ही दर तारखेला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचात आणि दुपारी परत यायचात.

आपलं भांडण तिथलं. मी म्हणायची, "तुम्ही त्यांच्या वकिलाला जाऊन सांगा."

"मी सरकारी साक्षीदार. त्यांच्या वकिलाच्या कानाला लागू?"

"मग पिंजऱ्यात उभं राहून आपणहून सांगा. न्यायाधीश समोर बसलेले असतात."

"विचारलं तर सांगेन."

"आणि नाही विचारलं तर?"

"विचारतील. विचारण्यासाठीच ती खुर्ची आहे."

एकदा मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "मामा, ते लोक न विचारण्यावर धंदा चालवतात. भोक कशाला, कोणी विचारत नाही. सही कशाला, कोणी विचारत नाही. आणि तुम्ही विचारल्याशिवाय सांगत नाही. दोघांच्या मधे ती बाई बसली आहे."

तुम्ही म्हणालात, "मी आज तिच्यासाठी आपणहून बोललो, तर उद्या दुसरा कोणी दुसऱ्यासाठी आपणहून बोलेल. त्याच्यासाठी, जो सापडायला हवा. मग माझी साक्ष कोणाच्या बाजूची हे कोणी सांगायचं?" त्यावर मी मनाशी हिशोब मांडला. नियम मोडला तर एक बाई सुटते, पाळला तर कदाचित पुढचा मोठा माणूस अडकतो. आणि तो मोठा माणूस तर कधी आलाच नाही. हे मी तुम्हाला म्हणणार होते. पुढच्या रविवारी म्हणेन असं ठरवलं होतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी कापी दिली आणि विचारलं, "झोप लागली का?" तुम्ही म्हणालात, "लागली." खरंच लागली असणार. छातीत दुखतंय का, हे विचारायचं मला सुचलं नाही, कोणालाच सुचलं नसतं. मी त्याचं ओझं घेत नाही. तुम्हीही घेऊ दिलं नसतंत. पण टंबलर अर्धा तसाच राहिला होता. तो धुताना माझ्या मनात पहिल्यांदा सेल्वीची तारीख आली, मग तुम्ही. हा क्रम मला नंतर विचित्र वाटला. आता वाटत नाही.

तर कोर्ट.

खोली लहान, पंखे जोरात. सेल्वी दोन महिला पोलिसांच्या मधे मागे उभी होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. तुम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा ती बारीक होती आणि केस पुढून पिकले होते. आपली केस पुकारली. सरकारी वकिलाने उभं राहून सांगितलं की साक्षीदार मयत आहे. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"त्यांची सून."

"दाखला आणलात?"

"आणला आहे."

त्यांनी तो वाचला, शिपायाकडे दिला आणि खाली बघून लिहायला लागले. मी उभी होते. मला वाटत होतं, आता विचारतील, आणखी काही सांगायचं आहे का. त्यांनी विचारलं नाही. कशाला विचारतील? मी साक्षीदार नव्हते. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, दगडाचं. ते तिथेच राहिलं. मामा, तुमच्या जागी उभं राहिल्यावर मला कळलं, ते गिळणं वाटतं तितकं अवघड नसतं. उलट सोपं असतं. खोलीच तशी असते. पुढची तारीख पडली आणि मी बाहेर आले.

व्हरांड्यात बचावाच्या वकील बाई भेटल्या. तरुण, हातात फायलींचा गठ्ठा, ही केस त्यांच्याकडे नुकतीच आलेली. त्यांनी सौजन्याने हात जोडले, "सारांचं ऐकून वाईट वाटलं," आणि पुढे निघाल्या. त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. मी त्यांच्या मागे गेले.

"एक मिनिट. मला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे."

मी सगळं सांगितलं. व्हरांड्यात, लोकांच्या धक्क्यात, न विचारता. त्या ऐकता ऐकता थांबल्या, मग गठ्ठा कठड्यावर ठेवला.

"हे आत का नाही बोललात?"

"विचारलं नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला सासूबाई आठवल्या. "मॅडम, खरं सांगते, सारांनी घरी तुम्हाला काय सांगितलं ते कोर्टात चालणार नाही. आणि उलटतपासणी न झालेल्या साक्षीचं वजन किती धरायचं ते जज ठरवणार. पण ती असं म्हणाली तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

"ग्रेस. हवालदार होत्या. आता तूत्तुकुडीला असतात."

त्यांनी फाईल उघडली. सरकारी साक्षीदारांच्या नावांत ग्रेसचं नाव होतं, पण सरकारी वकिलांना तिची गरज वाटली नव्हती, म्हणून तिला कधी बोलावलंच नव्हतं. "आपण बोलावू शकतो," वकील बाई म्हणाल्या. "अर्ज करावा लागेल. त्यांना आठवत असेल तर."

तेवढ्यात सेल्वीला बाहेर आणलं. वकील बाईंनी पोलिसांना थोडं थांबायला सांगितलं. सेल्वीने माझ्याकडे बघून त्यांना विचारलं, "ग्राइंडरवाले अय्या आज आले नाहीत?" दर तारखेला ती तुम्हाला बघत असणार, पांढऱ्या शर्टात, भिंतीकडच्या बाकावर.

मी म्हटलं, "वारले, अक्का. मी त्यांची सून."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मला बघून मान हलवायचे. दर वेळी. बाकीचे बघायचे नाहीत." हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. विचारलं नव्हतं मी.

"त्यांना तुमचं आठवत होतं," मी म्हटलं. "दगड फुटला तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते."

"कुठला दगड?"

"ग्राइंडरचा. नवा दगड का फोडला, असं म्हणालात तुम्ही."

ती आठवायचा प्रयत्न करत राहिली. मग म्हणाली, "असं म्हटलं मी? नाही आठवत, अक्का. खूप माणसं होती." आणि महिला पोलिसांबरोबर जिना उतरून गेली.

मी कठड्याला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं जे वाक्य तुम्ही जपलंत, ज्याच्यासाठी प्रत्येक तारखेला शर्टाला इस्त्री केलीत, ते जिचं होतं तिलाच आठवत नव्हतं. मला ते मान्य करायला थोडा वेळ लागला. मग वाटलं, बरोबरच आहे. तिच्या लेखी त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं? नवा दगड फुटला की कोणीही म्हणेल. ते फक्त तुमच्या लक्षात राहिलं, आणि तुम्ही गेलात. तुम्हीच म्हणाला होतात, आमच्यातला एक गेला की सगळी केस त्याच्या डोक्यात बसून जाते.

ग्रेसचा नंबर तुमच्या फोनमध्ये सापडला. संध्याकाळी मी व्हरांड्यात, तुमच्या खुर्चीत नाही, पायरीवरच बसून फोन लावला. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं. ती थोडी रडली. तुम्ही तिला नोकरीच्या पहिल्या महिन्यात पिंजऱ्यात कसं उभं राहायचं ते शिकवलं होतंत म्हणे. मी विचारलं, "ग्राइंडरची केस आठवते?"

"आठवते की, अक्का."

"दगड फोडला तेव्हा ती बाई काय म्हणाली?"

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली, तिने कोणाला तरी गॅस बारीक करायला सांगितलं.

"तो नवा दगड?" ग्रेस म्हणाली. "ती तो उचलायला वाकली होती, अक्का. हातात पावडर लागेल म्हणून मी तिला ओढलं. मला म्हणते, तुकडे फेकू नका, चटणी वाटायला होतील."

चटणीचं तुम्हीही सांगितलं नव्हतंत. कदाचित तुम्हाला ऐकू गेलं नसेल.

"हे कोर्टात सांगाल?" मी विचारलं.

ती म्हणाली, अगदी तुमच्या आवाजात म्हणावं असं, "बोलावलं तर येईन. विचारलं तर सांगेन."

फोन ठेवून मी एक कोरा कागद घेतला आणि वकील बाईंनी ग्रेसला विचारायचा प्रश्न त्यावर लिहिला, साध्या तमिळमध्ये, अडखळत, कारण तमिळ मला बोलता येतं तितकं लिहिता येत नाही. दोनदा खोडलं. एक शब्द जास्त नको होता, एक कमीही नको होता. दगड फुटल्यावर आरोपी कशाकडे बघत होती आणि काय म्हणाली?

ग्रेसला बोलावतील त्या तारखेला हे विचारलं जाईल, मामा. विचारणारं कोणीतरी उभं आहे. मी मागच्या बाकावर बसेन, भिंतीकडच्या, आणि सेल्वीला आणलं की तिच्याकडे बघून मान हलवीन.